विसर एकच, आजार निरनिराळे

आजच्या आरोग्यगप्पांत आम्ही घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या विसरण्याबद्दल बोलणार आहोत. पण त्याआधी आमच्या गटाच्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण हे बोलणं तिच्यातूनच सुरू झालं.

आमची एक सखी पाच वर्षं गटाची सचिव होती. हिशेब चोख, वहीत कधी एका रुपयाचा फरक नाही. मागल्या वर्षी तिच्या सासूबाई गावभर सांगायला लागल्या, "सून माझे श्रावणबाळचे पैसे चोरते." सासूबाई म्हणजे गावात मान असलेली बाई. त्या खोटं कशाला बोलतील, असं सगळ्यांनाच वाटलं. बैठकीत कुजबुज झाली आणि आम्हीही शहानिशा न करता म्हणालो, "वहिनी, थोडे दिवस वही दुसऱ्या कुणाकडं राहू दे." ती काही बोलली नाही. वही, पासबुक आणि शिक्का सतरंजीवर ठेवून उठून गेली. पुढच्या तीन बैठकांना आलीच नाही.

पैसे सापडले ते ज्वारीच्या कणगीत, लुगड्याच्या चिंधीत बांधलेले. सासूबाईंनीच ठेवले होते आणि ठेवल्याचं विसरल्या होत्या. आशाताईंनी आग्रह धरला म्हणून त्यांना जिल्हा रुग्णालयात नेलं, तेव्हा आजाराचं नाव कळलं. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी पैसे खरोखरच गेले होते.

मग आम्ही आजूबाजूच्या गावांतल्या गटांना विचारत गेलो. जवळपास प्रत्येक गावात असं एखादं घर निघालं. गंमत अशी की सगळ्यांनी एकच शब्द वापरला, म्हातारचळ. पण प्रत्येक घरातली कहाणी वेगळी होती. कुणाकडं विसर, कुणाकडं भास, कुणाकडं एकदम बदललेला स्वभाव. डॉक्टरांकडून आणि आशाताईंकडून आम्ही जे समजून घेतलं, ते आज तुम्हाला सांगतो.

वयाचा विसर आणि आजाराचा विसर

वय झालं की थोडं विसरायला होतंच. चष्मा कुठं ठेवला, लग्नात भेटलेल्या बाईचं नाव काय, हे पटकन आठवत नाही. कुणी आठवण करून दिली की आपण म्हणतो, "अगं बाई, खरंच की!" हा साधा विसर. आजाराच्या विसरात आठवण करून दिली तरी माणूस म्हणतो, "असं काही झालंच नाही."

भाजीत मीठ घालायचं राहून गेलं तर काळजी नको. पण पन्नास वर्षं पुरणपोळ्या केलेल्या बाईला डाळ शिजल्यावर पुढं काय करायचं हेच उमगेना, तर ते आजाराकडं बोट दाखवतं. रोजचं, हातातलं काम अडायला लागलं ही मुख्य खूण.

आपल्याकडं कित्येक आज्या शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांना आजची तारीख सांगता आली नाही म्हणून त्या आजारी ठरत नाहीत. त्यांची तुलना त्यांच्याशीच करायची. दोन वर्षांपूर्वी त्या काय करत होत्या आणि आज त्यांना काय जमत नाही, ते बघायचं.

या आजाराला डिमेन्शिया किंवा स्मृतिभ्रंश म्हणतात. हा शब्द 'ताप' या शब्दासारखा आहे. ताप मलेरियाचा असतो, टायफॉइडचा असतो, डेंग्यूचा असतो, आणि औषध ताप कशाचा आहे त्यावर ठरतं. तसाच डिमेन्शियाही अनेक प्रकारचा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात असं दिसलं की भारतात साठीच्या पुढच्या दर शंभर माणसांत सातांहून थोड्या जास्त जणांना हा आजार आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त आढळलं. म्हणून हा विषय आपल्याच दारातला आहे.

प्रकार ओळखायला दोन प्रश्न फार उपयोगी पडतात. पहिला, आधी काय बिघडलं? दुसरा, ते कसं वाढत गेलं?

अल्झायमर : आधी नवी आठवण जाते

सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार हा. जगभरातल्या डिमेन्शियाच्या दर दहा रुग्णांत सहा-सात जणांना अल्झायमर असतो. आमच्या सखीच्या सासूबाईंना हाच निघाला.

मेंदूचा नवी आठवण साठवणारा भाग यात बहुधा आधी बिघडतो. त्यामुळं जुनं सगळं लख्ख आणि नवं सगळं पुसट. त्या सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या एकामागून एक म्हणता येत होत्या. माहेरच्या विहिरीवर कोण कोण पाण्याला यायचं ते नावानिशी सांगायच्या. पण सकाळी जेवल्या की तासाभरानं म्हणायच्या, "मला कुणी भाकरी दिली नाही." घरच्यांना वाटायचं, पन्नास वर्षांपूर्वीचं आठवतं आणि आत्ताचं आठवत नाही, म्हणजे ढोंगच. ते ढोंग नव्हतं, आजाराची खूणच होती.

पुढं तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, वस्तू भलत्या जागी ठेवणं, नेहमीच्या वाटेवर चुकणं, पैशांचा हिशेब न जमणं, शब्द न सुचणं, असं वाढत जातं. वस्तू सापडत नाही आणि ठेवल्याचं आठवत नाही, मग मनाला एकच उत्तर मिळतं: कुणीतरी चोरली. आणि चोर ठरते ती जवळची, चोवीस तास सेवा करणारी बाई. बहुतेक वेळा सूनच.

हे आपल्याकडच्याच सासूसुनांचं आहे असं समजू नका. १९०१ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या इस्पितळात ५१ वर्षांची एक बाई दाखल झाली. तिच्या आजाराची सुरुवात नवऱ्यावरच्या संशयानं झाली होती. तिला तपासणारे डॉक्टर होते अलॉइस अल्झायमर. १९०६ मध्ये ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू तपासला, त्यात झालेले बदल इतर डॉक्टरांपुढं मांडले, आणि पुढं आजाराला त्यांचंच नाव पडलं.

हा आजार हळूहळू वाढतो. घरच्यांना 'कधी सुरू झालं' याची तारीख सांगता येत नाही. माळावरच्या उतारासारखं आहे, चालताना कळत नाही, पण मागं वळून बघितलं की किती खाली आलो ते दिसतं.

रक्तवाहिन्यांचा डिमेन्शिया : विहिरीच्या पायऱ्या

दुसरा प्रकार मेंदूच्या रक्तपुरवठ्याशी जोडलेला आहे. याला व्हॅस्क्युलर डिमेन्शिया म्हणतात. मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त मिळालं नाही की तो भाग कामातून जातो.

शेजारच्या गावातल्या एका आजोबांचं असंच झालं. रक्तदाबाची गोळी 'बरं वाटतंय' म्हणून त्यांनी बंद केली होती. एका सकाळी चहाची बशी हातातून पडली आणि बोलणं जडावलं. घरच्यांनी म्हटलं, अंगावरून वारं गेलं असेल, आणि तेल चोळलं. दुपारपर्यंत हात बरा वाटला. पण त्या दिवसापासून आजोबा पहिले राहिले नाहीत. विचारलेल्याचं उत्तर द्यायला वेळ लागायचा, साधा निर्णय होईना, बारीकसारीक गोष्टीवरून रडू यायचं. सहा महिने तसेच गेले, मग पुन्हा एक झटका आणि पुन्हा एक पायरी खाली.

हा आजार पुष्कळदा असा विहिरीच्या पायऱ्यांसारखा उतरतो. एकदम खाली, मग काही काळ स्थिर, मग पुन्हा खाली. घरचे म्हणतात, "दिवाळीपर्यंत ठीक होतं, त्यानंतर बिघडलं." विसरापेक्षा विचारातली मंदगती, कामाची आखणी न जमणं आणि चालण्यातला बदल आधी दिसू शकतो. बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या असतील, तर मात्र हाही हळूहळू वाढतो. म्हणून रक्तदाब, साखर, हृदयाचा आजार आणि तंबाखू यांचा इतिहास डॉक्टरांना सांगायलाच हवा.

यात आपल्या हातात बरंच आहे. रक्तदाबाची आणि साखरेची गोळी मध्येच सोडू नये. तंबाखू सोडावा, आणि मैत्रिणींनो, मिश्रीही तंबाखूच आहे बरं का! आणि तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर तेल चोळत बसू नका. थोड्या वेळानं बरं वाटलं तरी थांबू नका. लगेच १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

लेवी बॉडी : दिसणारी मुलं आणि आखडलेली चाल

तिसऱ्या प्रकाराचं नाव अवघड आहे, लेवी बॉडी डिमेन्शिया. मेंदूच्या पेशींत एका प्रथिनाचे बारीक गोळे साठतात, आणि ते लेवी नावाच्या शास्त्रज्ञाला १९१२ साली दिसले होते, म्हणून हे नाव. कंपवाताशी याचं जवळचं नातं आहे.

यात आधी विसर दिसेलच असं नाही. एका घरातल्या आजी संध्याकाळी सुनेला म्हणायच्या, "अंगणात पोरं बसलीत, त्यांना भाकरी दे." अंगणात कुणी नसायचं. त्यांना खाटेखाली मांजर दिसायचं. घरच्यांनी देवरुषी गाठला, कोंबडं झालं, लिंबं उतरवून झाली. यात वर्ष गेलं.

इथं चार खुणा लक्षात ठेवा. पहिली, माणसं, मुलं, जनावरं स्पष्ट दिसतात आणि तसे भास वरचेवर होतात. दुसरी, चढउतार: सकाळी अगदी शहाण्यासारखं बोलणारं माणूस दुपारी शून्यात बघत बसतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठीक. तिसरी, अंग आखडणं, पावलं छोटी पडणं, तोल जाणं. चौथी खूण झोपेतली आहे: स्वप्नात ओरडणं, लाथा झाडणं, शेजारी झोपलेल्याला मारणं. ही कधी कधी आजाराच्या कित्येक वर्षं आधीपासून असते, म्हणून आजोबांबद्दल आजीला आणि आजीबद्दल आजोबांना नक्की विचारा.

कंपवात आधी असेल आणि विसर, गोंधळ वर्षभरानंतर किंवा त्याहून उशिरा आला, तर त्याला कंपवातातला डिमेन्शिया म्हणतात. दोन्ही मागंपुढं वर्षभरात आले, तर डॉक्टर लेवी बॉडीचा विचार करतात.

हा प्रकार ओळखणं एका कारणासाठी फार गरजेचं आहे. भास थांबवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या या रुग्णांना सोसत नाहीत. अंग लाकडासारखं होतं, गुंगी येते, जिवावरही बेतू शकतं. म्हणून कुणाची उरलेली गोळी कुणाला देऊ नका. भासांबरोबर चाल आखडली आहे, हेही डॉक्टरांना आपणहून सांगा. नुसते भास मोतीबिंदूनं नजर अधू झाल्यामुळंही होऊ शकतात, म्हणून डोळेही तपासून घ्या.

फ्रंटोटेम्पोरल : आठवण शाबूत, माणूस बदललेलं

चौथा प्रकार सगळ्यांत फसवा. नाव फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदूच्या कपाळामागच्या आणि कानाजवळच्या भागांचा आजार. हा पुष्कळदा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो. माणूस म्हातारं नसतं, त्यामुळं म्हातारचळही म्हणता येत नाही. मग लोक चारित्र्याला नावं ठेवतात.

आयुष्यभर मर्यादेनं वागलेला माणूस मयताच्या घरी हसतो. दुसऱ्याच्या ताटात हात घालतो. सारखं गोडच मागतो. बायकोला ताप आहे, मूल रडतंय, त्याला काहीच वाटत नाही. तीच फेरी, तोच शब्द, तीच सवय दिवसभर. पैसे कुणालाही देऊन टाकतो. आणि विचारलं तर कालचं सगळं त्याला आठवतं! म्हणून घरच्यांना वाटतं, हा मुद्दाम करतो, नाही तर पिऊन येतो. अशा घरातली बायको सगळ्यांत एकटी पडते.

याच आजाराचा दुसरा चेहरा बोलण्यात दिसतो. अल्झायमरच्या माणसाला 'विळी' हा शब्द सुचत नाही, तो म्हणतो, "ते आपलं, भाजी चिरायचं." इथं मात्र आपण विळी म्हटलं तर तो विचारतो, "विळी म्हणजे काय?" शब्दाबरोबर अर्थही गेलेला असतो. काहींचं उलट होतं, अर्थ कळतो पण वाक्य तुटक तुटक येतं.

आणखी एक लक्षात ठेवा. मोठ्या वयात दोन प्रकार एकत्रही असतात, विशेषतः अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांचा. आणि आजार पुढं गेला की सगळे प्रकार सारखेच दिसायला लागतात. म्हणूनच सुरुवात कशी झाली, ही माहिती मोलाची.

डिमेन्शियासारखं दिसतं, पण बरं होऊ शकतं

हा भाग कान देऊन ऐका. काही वेळा विसर दिसतो, गोंधळ दिसतो, पण मूळ कारण वेगळं असतं आणि उपचारानं माणूस सुधारतं.

काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत एकदम बरळणं सुरू झालं, तर त्याला डिमेन्शिया समजून घरी ठेवू नका. लघवीतला किंवा छातीतला संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, साखर किंवा सोडियम घसरणं, अशी कारणं असतात. त्याच दिवशी दवाखाना गाठा. ज्याला आधीच डिमेन्शिया आहे, त्यालाही हे होतं.

पडून डोक्याला मार लागला असेल, तर मेंदूवर हळूहळू रक्त साचून कित्येक आठवड्यांनी गुंगी आणि गोंधळ दिसू शकतो. न्हाणीत घसरल्याचं आपण विसरून गेलेलो असतो. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होणं, लघवीवर ताबा न राहणं आणि विसर, ही तिन्ही एकत्र असतील, तर मेंदूत पाणी साचलेलं असू शकतं. या दोन्हींवर शस्त्रक्रिया करता येते.

बी-१२ जीवनसत्त्व कमी असणं, थायरॉइड मंदावणं, झोपेच्या गोळ्या, दारू, यांनीही डोकं चालेनासं होतं. कानानं ऐकू येत नसेल, तर माणूस विसरतंय असं वाटतं, पण मुळात त्याच्यापर्यंत बोलणं पोचलेलंच नसतं.

उदासीचा आजारही असाच फसवतो. जोडीदार गेल्यावर पुष्कळ आज्या गप्प होतात. ढोबळ फरक असा, उदास माणूस स्वतःच म्हणतं, "माझं डोकंच चालत नाही." डिमेन्शियाचं माणूस पुष्कळदा म्हणतं, "मला काय झालंय? मी बरी आहे," आणि विसर झाकायला बघतं.

दवाखान्यात जाण्याआधी वहीत लिहा

डॉक्टरांसमोर म्हातारं माणूस दहा मिनिटं बसतं आणि त्या दहा मिनिटांत नेमकं चांगलं बोलतं. खरं काय ते घरच्या बाईला माहीत असतं. म्हणून हे लिहून न्या, किंवा मुलांकडून लिहून घ्या.

१. पहिली खूण कोणती? विसर, भास, चाल, बोलणं की स्वभाव?
२. सुरुवात एकदम झाली की हळूहळू? साधारण कोणत्या सणाच्या सुमाराला?
३. उतारासारखं वाढलं, पायऱ्यांसारखं, की रोज कमीजास्त होतं?
४. कोणतं रोजचं काम आधी सुटलं?
५. पडणं, डोक्याला मार, लघवीवर ताबा नसणं?
६. झोपेत काय होतं?
७. रक्तदाब, साखर, थायरॉइड, झटका, तंबाखू, दारू?
८. सध्याच्या सगळ्या गोळ्या, पाकिटासकट.

ही वही म्हणजे निदान नव्हे. आपण घरात आजाराचं नाव ठरवायचं नाही. रक्ताच्या तपासण्या, गरज पडली तर मेंदूचा स्कॅन, हे सगळं बघून डॉक्टर ठरवतात. पण तपास कुठल्या दिशेनं करायचा, हे या वहीवरून त्यांना लवकर कळतं.

आधी आशाताईंना सांगा. तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, मग जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य विभाग. घरातून बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७.

हे चारही मुख्य प्रकार आज पूर्ण बरे होत नाहीत, हे खोटं न बोलता सांगायला हवं. काहींत आठवणीच्या गोळ्यांनी काही काळ मदत होते, विशेषतः अल्झायमर आणि लेवी बॉडीत. फ्रंटोटेम्पोरलमध्ये त्यांचा उपयोग होत नाही. पण कुठला आजार आहे हे कळलं की घरातलं वागणं बदलता येतं. चोरीचा आळ आला तर वाद घालायचा नाही. "चला आत्या, आपण दोघी मिळून शोधू," म्हणायचं. ज्याची चाल आखडली आहे त्याच्या वाटेतल्या वस्तू उचलायच्या. ज्याचा स्वभाव बदललाय त्याच्या हाती पैसे आणि गाडीची किल्ली द्यायची नाही. सगळ्यांच्याच घरात फवारणीचं औषध कुलपात ठेवायचं, आणि खिशात किंवा लुगड्याच्या पदराला नाव, गाव, फोन लिहिलेली चिठ्ठी अडकवायची.

आणि राहिली ती सांभाळणारी बाई. आमच्या गटानं त्या सखीच्या घरी जाऊन माफी मागितली. वही, पासबुक, शिक्का परत तिच्या हातात दिला. तिनं वही उघडली आणि मधल्या महिन्यांच्या बेरजा आधी तपासल्या. दोन चुका निघाल्या, आमच्या!

आता दर गुरुवारी दुपारी गटातल्या दोघी तिच्या सासूबाईंजवळ बसतात. तेवढे दोन तास ती बँकेत जाते, बैठकीला येते, नाही तर नुसती झोपते. सासूबाई अजून कधी कधी म्हणतात, "हिनं माझे पैसे घेतले." आम्ही म्हणतो, "थांबा आत्या, बघू या हं," आणि त्यांना एखादी ओवी म्हणायला सांगतो. ती त्यांना पुरी येते.

तुमच्या गावातही असं घर असेल. येत्या बैठकीत त्या घरच्या बाईला विचारा, आधी काय बिघडलं? आणि ती सांगेल ते पूर्ण ऐकून घ्या.